थिकनेस प्लॅनर : फळी गुळगुळीत झाली, मग सरळ का नाही झाली?

घरच्या घरी सुतारकाम करायचा नाद लागला की एक प्रकार हमखास घडतो. वखारीतून सागाची किंवा पाइनची खरबरीत फळी आणलेली असते. एक डोळा मिटून कडेने पाहिलं तर तिला पीळ आहे आणि मध्ये थोडा बाकही आहे. हातरंध्याने ती सरळ करायची तर अर्धा दिवस जाणार आणि खांदे भरून येणार, म्हणून हौसेने थिकनेस प्लॅनर घेतलेला असतो. फळी एका बाजूने आत सरकवली, मशीन गरजलं आणि दुसऱ्या बाजूने ती लखलखीत होऊन बाहेर आली. टेबलावर ठेवून कोपरा दाबावा, तर डुगडुगतेच आहे! पुन्हा घातली, पुन्हा तेच. चार-सहा फेऱ्यांत इंचाची फळी पाऊण इंचावर येते, पीळ मात्र जिथल्या तिथे.

दुकानदाराला फोन लावण्यात अर्थ नसतो, कारण मशीन बिघडलेलं नाही. ज्या कामासाठी ते घेतलं, ते त्याचं कामच नव्हे. हे आधी उमगलं तर बेताच्या किमतीच्या मशीनवरही सुरेख काम होतं. उमगलं नाही तर महागडं मशीनसुद्धा लाकडाचा भुसा करण्यापलीकडे काही करत नाही.

दाबलं की सपाट, सोडलं की वाकडं

मशीनची रचना तशी साधी. खाली धातूचा सपाट पाट, म्हणजे बेड. त्याच्या वर आडवा फिरणारा दंडगोल आणि त्यात बसवलेली दोन किंवा तीन लांब पाती. या दंडगोलाला कटरहेड म्हणतात. त्याच्या पुढे आणि मागे एकेक रबरी रोलर असतो. हे दोन्ही रोलर स्प्रिंगच्या जोरावर फळीला बेडवर दाबून धरतात आणि ठरावीक वेगाने पुढे ओढतात.

सगळी मेख या दाबून धरण्यात आहे. गुंडाळी करून आणलेलं नवं कॅलेंडर हाताखाली दाबलं की सपाट होतं, हात उचलला की पुन्हा वळतं. वाकड्या फळीचंही तेच होतं. रोलरखाली ती तेवढ्यापुरती सपाट होते, पाती वरून सारखा थर काढतात आणि बाहेर पडताच फळी आपल्या मूळ आकाराला येते. फळी जाड असेल तर ती रोलरखाली पुरती दबत नाही, तरी मशीनला मोजायला खालची बाजूच मिळते. थोडक्यात, फळीची वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करून द्यायची, एवढंच थिकनेस प्लॅनर कबूल करतो. खालची बाजू वाकडी असेल तर वरची तितकीच वाकडी होणार, फक्त गुळगुळीत.

म्हणून मोठ्या कारखान्यात दोन मशीनं शेजारी शेजारी असतात. आधी सरफेस प्लॅनर, ज्यात पाती खाली असतात आणि फळी त्यांच्यावरून सरकवून एक बाजू सपाट केली जाते. मग थिकनेस प्लॅनर. घरी दोन्हीला जागा आणि पैसा कुठून आणायचा? पण ती पहिली बाजू देखणी असण्याची गरज नाही. ती फक्त बेडवर न डुगडुगता बसली पाहिजे. हातरंध्याने उंच कोपरे तेवढे उतरवले तरी भागतं, मध्ये खरबरीत पट्टे राहिले तरी चालतात. सुताराकडे असतो तो ८२ मिलिमीटरचा हातातला इलेक्ट्रिक रंधाही या कामाला पुरतो.

रंध्यावर हात बसला नसेल तर प्लायवुडची घसरपाटी करावी. १८ मिलिमीटरचा सरळ प्लाय, फळीपेक्षा थोडा लांब, आणि मागच्या टोकाला एक बारीक पट्टी ठोकलेली, म्हणजे फळी मागे घसरत नाही. या पट्टीची उंची फळीच्या जाडीपेक्षा बरीच कमी हवी आणि तिचे खिळे पात्याच्या वाटेत येता कामा नयेत. वाकडी फळी प्लायवर ठेवायची आणि जिथे जिथे खाली फट दिसेल तिथे लाकडाच्या पातळ पाचरी सारायच्या. पाचर ठोकून घट्ट करायची नाही, नाहीतर फळी उचलली जाते. फळीला नुसता आधार मिळेल इतपतच, आणि जागेवर गरम गोंदाचा एकेक थेंब. आता रोलरने दाबलं तरी फळी खाली जाऊ शकत नाही. पाती फक्त उंचवटे काढतात. तीन-चार हलक्या फेऱ्यांत वरची बाजू सपाट होते. मग पाचरी सोडवायच्या, फळी उलटी करायची आणि प्लायशिवाय थेट आत घालायची. पहिल्या दिवशी डुगडुगणारी तीच फळी आता टेबलाला चिकटून बसते.

घरात मावणारं मशीन आलं कुठून

फिरती पाती आणि फळी ओढणारे रोलर यांची जोडी जुनी आहे. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ याने १८२८ साली अशा मशीनचं पेटंट घेतलं. ते पुन्हा पुन्हा वाढवून थेट १८५६ पर्यंत टिकवलं गेलं आणि त्यावरून कोर्टात असंख्य खटले चालले, कारण ज्याच्या हाती हे पेटंट त्याच्या हाती तिथल्या रंधलेल्या फळ्यांचा धंदा. पुढे शंभरावर वर्षं हे मशीन म्हणजे ओतीव लोखंडाचं धूड होतं. १९८०च्या दशकात रिओबी या जपानी कंपनीने एपी-१० नावाचा दहा इंची, उचलून नेता येईल असा प्लॅनर काढला आणि चित्र पालटलं.

वजन घटलं ते मुख्यतः मोटरमुळे. कारखान्यातल्या मशीनला जड, संथ इंडक्शन मोटर असते. छोट्या प्लॅनरमध्ये युनिव्हर्सल मोटर बसवतात. आपल्या मिक्सरमध्ये असते तीच जात. आकार लहान, फेरे प्रचंड आणि आवाज त्याहून प्रचंड. हिच्यातले कार्बन ब्रश झिजतात आणि बदलावे लागतात, म्हणून ते बाहेरून उघडून काढता येतात की नाही, हे घेतानाच पाहून ठेवावं.

पैसे कुठे वाचवलेत, ते पाहून घ्या

जाहिरातीत हॉर्सपॉवरचा आकडा मोठा असतो. तो बाजूला ठेवा आणि मशीनच्या पट्टीवरचे वॅट वाचा. बारा इंची मशीनला दीड ते दोन हजार वॅट पुष्कळ झाले. २३० व्होल्टवर १,६५० वॅटचं मशीन सात अँपिअरच्या वर ओढतं. म्हणजे ज्या सॉकेटवर मोबाइल चार्ज करतो ते सहा अँपिअरचं सॉकेट इथे कामाचं नाही, गीझरचं सोळा अँपिअरचं लागेल. एक्स्टेन्शन वायर घ्यायचीच असेल तर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा. बारीक वायरीतून व्होल्टेज पडतं, मोटर दमते, तापते, आणि दोष येतो मशीनवर.

‘अमेरिकेतला भाऊ येताना आणतो म्हणालाय’ हा मोह अनेकांना होतो. तिथलं मशीन १२० व्होल्टचं. इथे चालवायचं तर अडीच-तीन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणजे आणखी एक जड डबा. शिवाय डीवॉल्टच्या डीडब्ल्यू७३५ सारखं लोकप्रिय मॉडेल भरतं सुमारे ४२ किलो. विमानकंपन्या साधारणपणे २३ किलोची बॅग देतात आणि ३२ किलोच्या वर एक नग घेतच नाहीत. भावाला चॉकलेटं आणू द्यावीत.

स्वस्त मशीनमध्ये खरी काटकसर दोन ठिकाणी असते. एक, कटरहेड ज्या चार खांबांवर वर-खाली सरकतो तिथली पकड ढिली असते. दुकानात मशीन बंद असताना हेड दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. खडखड जाणवली तर दुसरं मशीन बघा. दुसरी काटकसर बेडच्या लांबीत. पुढे-मागे उघडणारे पंख, म्हणजे जोडटेबलं, असावीतच. नसतील तर ती स्वतः करावी लागतील.

पात्यांच्या संख्येवरून बराच वाद चालतो. तो गणितानेच सोडवलेला बरा.

[चौकट] एका मिलिमीटरमध्ये किती घाव?
मकिताच्या २०१२एनबी या मशीनला दोन पाती आहेत. हेड मिनिटाला ८,५०० फेरे घेतं, म्हणजे मिनिटाला १७,००० घाव. तेवढ्या वेळात फळी साडेआठ मीटर, म्हणजे ८,५०० मिलिमीटर पुढे सरकते. भागाकार केला की मिलिमीटरला दोन घाव येतात. डीडब्ल्यू७३५ मध्ये तीन पाती, १०,००० फेरे आणि दोन वेग आहेत. जलद वेगात इंचाला ९६ घाव (मिलिमीटरला सुमारे पावणेचार), संथ वेगात १७९ (सुमारे सात). घाव जितके जवळ जवळ, तितकी फळीवरची लाट बारीक.

मिलिमीटरला दोन घावांची लाट तिरप्या उजेडात दिसते खरी, पण बारीक पॉलिशपेपरचे चार हात फिरवले की जाते. पेपर तर कोणत्याही मशीननंतर मारावा लागतोच. त्यामुळे बजेट मर्यादित असेल तर तिसऱ्या पात्यासाठी मी जीव टाकणार नाही. कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे बसवलेलं स्पायरल हेड मात्र खरोखर वेगळी चीज आहे. आवाज कमी, तुकड्याची धार गेली की तो फिरवून नवी बाजू वर आणायची. पण त्याची किंमत ऐकून ‘स्वस्त मशीन’ हा विषयच संपतो.

मशीन बसवताना

खोक्यातून काढल्यावर बेडवर गंज न चढण्यासाठी लावलेलं चिकट तेल असतं. ते टर्पेंटाइनने पुसा. रबरी रोलरला मात्र टर्पेंटाइन किंवा रॉकेल लावू नका, रबर फुगतं. स्पिरिटचं फडकं पुरे. मग कोरड्या बेडवर साधी मेणबत्ती घासा आणि सुती कापडाने चोळून काढा. या मेणाने फरक किती पडतो ते पहिल्या फळीलाच कळतं. आधी रोलर घसरत, अडखळत ओढत होते तिथे फळी सुळकन जाते. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. तो लाकडाला लागतो आणि पुढे पॉलिश तिथे धरत नाही.

मशीन हलणार नाही अशा टेबलाला बोल्टने आवळा. जोडटेबलं बेडशी जुळवताना लांब सरळ पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप आडवा टाकून पाहा. आतली कड बेडशी समपातळीत हवी, बाहेरचं टोक किंचित उंच. किंचित म्हणजे किती? पट्टीखाली तीन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवल्यावर होते तितकी उंची, जवळपास एक मिलिमीटर. कारण पुढे येतंय.

यानंतर हेड बेडशी समांतर आहे का ते तपासायचं. एकाच फळीतून दोन पट्ट्या कापा. एक बेडच्या अगदी डाव्या कडेने, दुसरी उजव्या कडेने, हँडलला हात न लावता काढा आणि दोन्हींची जाडी व्हर्नियरने मोजा. ०.१ मिलिमीटरचा फरक घरकामाला माफ आहे. त्याहून जास्त असेल तर आधी पाती नीट बसली आहेत का ते पाहा. हेड उचलणारे दोन स्क्रू बऱ्याच मशीनमध्ये तळाशी साखळीने जोडलेले असतात. फरक तरी राहिला तर माहितीपुस्तिका पाहून ती साखळी एक-दोन दात सरकवावी लागते. पट्टीची जाडी हाताशी आलीच आहे, तर जाडी दाखवणारा काटाही त्या आकड्यावर आणून ठेवा. कारखान्यातून आलेल्या काट्यावर विश्वास ठेवू नये. हे सगळं करताना प्लग सॉकेटमधून काढलेला हवा, नुसतं बटण बंद असून चालत नाही.

टोकाला खड्डा का पडतो

सगळं जमलं तरी फळीच्या दोन्ही टोकांना, पहिल्या आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत, पातं थोडं जास्त खोल गेलेलं दिसतं. इंग्रजीत यालाच स्नाइप म्हणतात. बोट फिरवलं की पायरी लागते. छोट्या प्लॅनरवरची ही सर्वांत मोठी तक्रार.

फळीचं मधलं अंग पात्याखाली असताना दोन्ही रोलर तिला दाबून असतात. पण सुरुवातीला फक्त पुढचा रोलर पोचलेला असतो आणि शेवटी फक्त मागचा उरलेला असतो. चार-पाच फुटांची फळी टेबलाबाहेर लोंबत असते. तिच्या वजनाने बाहेरचं टोक खाली जातं आणि आतलं टोक पात्याकडे उचललं जातं. दुसरं कारण हेडमध्येच आहे. दोन्ही रोलरच्या स्प्रिंगा फळीवर रेटतात तेव्हा हेडलाही वर ढकलतात. एकच रोलर दाबत असला की हा जोर निम्म्यावर येतो. खांबांत ढिलाई असेल तर हेड तेवढंच खाली बसतं आणि पातं खोल जातं.

उपाय कारणातच सापडतात. जोडटेबलाचं बाहेरचं टोक उंच ठेवलं ते फळी लोंबू नये म्हणून. फळी आत जाताना मागचं टोक आणि बाहेर येताना पुढचं टोक हाताने अलगद उचलून धरा. मशीनला हेड लॉक असेल तर प्रत्येक फेरीला आवळा. एकाच मापाच्या अनेक पट्ट्या काढायच्या असतील तर एकीच्या शेपटीला दुसरी टेकवून सलग जाऊ द्या. मधल्या पट्ट्यांना दोन्ही रोलर कायम मिळतात. आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फळी दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जास्त ठेवून रंधायची आणि मग टोकं कापून टाकायची. सागाच्या भावात हे जिवावर येतं, हे मान्य.

किती काढायचं, कुठल्या बाजूने

तीनशे मिलिमीटर रुंद फळीवरून एक मिलिमीटरचा थर साडेआठ मीटरच्या वेगाने काढला तर मिनिटाला अडीच लिटर भरीव लाकूड निघतं. छोट्या मोटरला हे जड जातं. रुंद सागाला अर्धा मिलिमीटर, चार इंची पाइनला दीड, असा हात ठेवावा. बऱ्याच मशीनमध्ये हँडलचा एक पूर्ण फेरा म्हणजे दीड ते दोन मिलिमीटर, म्हणजे रुंद सागासाठी पाव ते तृतीयांश फेरा. मोटरचा सूर खाली उतरला की समजावं, जास्त होतंय.

रेषा उलट असतील तर लाकूड उचकटतं, हे हातरंधा चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. कारण असं की रेषा पात्याच्या दिशेने वर येत असतील तर पातं कापायच्या आधी त्यांना उचलतं आणि त्या खोलवर फाटतात. फळीच्या कडेवर रेषांचा कल दिसतो. तो पाहून टोक बदलून घाला. आंबा आणि बाभूळ यांच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. तिथे कोणतीही दिशा पूर्ण सुलट नसते. हलके थर आणि ताजी धार, एवढंच हाती उरतं.

साग रंधायला सोपा वाटतो, पण त्याच्या अंगात सिलिका असते आणि ती धार खाते. जुन्या वाड्याच्या तुळयांचा साग तर फारच मोहक. पण त्यात मोडलेले खिळे हमखास असतात. जोरदार लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून इंच इंच फिरवा. जिथे तो ओढ घेईल तिथे पटाशी लावा. पॅलेटच्या पाइनलाही हेच लागू. पॅलेटवरच्या शिक्क्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं असतं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं घरात आणू नये. रंग लावलेली फळी, प्लायवुड आणि आडव्या रेषांचं टोक प्लॅनरमध्ये घालायचं नसतं. दोन रोलरमधल्या अंतरापेक्षा आखूड तुकडा तर कधीच नाही, तो मध्येच अडकून उलटा फेकला जातो. म्हणून फळीच्या सरळ रेषेत उभं राहू नये, वाकून आत डोकावू नये, आणि हातमोजे नि सैल बाह्या दोन्ही वर्ज्य.

पावसाळ्यात एक पथ्य जास्तीचं. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांवर असते तेव्हा लाकडात साधारण १२ टक्के ओल राहते, ८५ टक्क्यांवर ती १७-१८ पर्यंत चढते. फक्त एकाच बाजूने लाकूड काढलं तर आतली ओली बाजू उघडी पडते आणि फळी दोन दिवसांत पुन्हा वाकते. दोन्ही बाजूंनी सारखं काढा, मापापेक्षा दोन मिलिमीटर जाड ठेवून फळी आठवडाभर हवेशीर उभी करा, मग शेवटची फेरी.

भुसा आणि शेजारी

ते अडीच लिटर लाकूड ढलप्या झाल्यावर फुगून कित्येक पट होतं. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी पाचव्या मिनिटाला तुंबते. चार इंची पाइपाचा भुसा ओढणारा पंखा लागतो, किंवा मग अंगण आणि खराटा. बारीक धूळ मात्र हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ सालीच मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातली आहे. एन९५ मास्क आणि कानांना मफ्स, दोन्ही लागतातच.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. प्लॅनरशेजारी सहज ९५च्या पुढे जातं. बाल्कनीत हे मशीन लावणं म्हणजे सोसायटीच्या सभेचा विषय होणं.

घ्यावं का?

वर्षाकाठी एखादा पाट आणि एखादं स्टूल करणाऱ्याने घेऊ नये. मोठी वखार, पुण्याचं भवानी पेठेतलं टिंबर मार्केट किंवा गावातली सॉ मिल, कुठेतरी मजुरी घेऊन फळी रंधून मिळते आणि तिथलं मशीन आपल्या मशीनच्या दहापट जड असतं. पण ज्याला जागा आहे, जो खरबरीत लाकूड घनफुटावर घेतो, आणि ज्याला बाजारात न मिळणारी अर्ध्या इंचाची पट्टी वारंवार लागते, त्याने बारा इंची, दोन पात्यांचं, घट्ट खांबांचं मशीन खुशाल घ्यावं. उरलेले पैसे भुसा ओढणाऱ्या पंख्यावर घालावेत.

स्वस्त मशीनची पाती बहुधा दोन्ही बाजूंना धार असलेली, वापरून टाकायची असतात. एखाद्या दडलेल्या खिळ्याने खाच पडली तर फळीवर उभी रेघ उमटते. पातं आडवं सरकवायला जागा असेल तर त्यातलं एक मिलिमीटरभर सरकवलं की दोन खाचा एका ओळीत राहत नाहीत आणि रेघ जाते. पण हा उपाय तात्पुरता. धार संपली की नवी पाती लागणारच, आणि ती लांबीला, जाडीला, भोकांच्या अंतराला नेमकी त्याच मॉडेलची हवीत. तेव्हा पैसे देण्याआधी दुकानदाराला ‘या मॉडेलची पाती आहेत का?’ असं विचारा आणि ‘मागवून देतो’ या उत्तरावर थांबू नका. जोडी काउंटरवर ठेवायला सांगा आणि मशीनच्या बिलातच तीही घ्या. ती मिळत नसतील तर ते मशीन कितीही स्वस्त असो, घेऊ नका.